धागा: कारवानी पिल्लू घरात वाढवताना – खाणं, लसी, गोचीड आणि धावणं

तळजाईकर

पुण्यात टेकड्यांवर आणि कालव्याच्या रस्त्याने हल्ली लांब पायांची, आत ओढलेल्या पोटाची कारवानी कुत्री बरीच दिसतात. लॅब्रेडॉर-पग सोडून लोक आपल्या मातीतल्या कुत्र्याकडे वळतायत याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच वेगाने 'पिल्लू खात नाही', 'फासळ्या दिसतात', 'पट्ट्यातून मान काढून पळालं' असे फोन आणि मेसेजही वाढलेत. दरवेळी तेच सगळं सांगण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतो. ज्यांनी ही कुत्री पाळली आहेत त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कारवानी, पश्मी, मुधोळ, रामपूर, चिप्पीपराई ही सगळी नजरेने शिकार हेरून धावत जाऊन पकडणारी कुत्री. वास घेत माग काढणारा बीगल हाही हाउंड म्हणजे शिकारी कुत्रंच, पण त्याचा स्वभाव आणि दुखणी वेगळी. या धाग्यात मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलू. बीगलवाल्यांनीही जरूर लिहावं.

हे कुत्रं घरात कसं असतं? माझ्या अनुभवात अतिशय शांत. दिवसाचा बराचसा वेळ झोप, सकाळ-संध्याकाळ जीव तोडून धावणं, आणि उरलेला वेळ तुमच्या जवळ, पण अंगचटीला न येता. उगाच भुंकत नाही, त्यामुळे सोसायटीत तक्रारी कमी येतात. अनोळखी माणसापासून चार हात लांब राहतं. दारावर राखणीला बांधायला कुणी हे कुत्रं आणत असेल तर आणू नये. साखळीला बांधलेलं कारवानी एक तर बुजरं होतं नाही तर चावरं. घरच्यांच्या मागे मागे खोल्यांतून फिरणारं कुत्रं हवं असेल तरच आणा.

आता 'बारीक आहे' या तक्रारीबद्दल. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते. वयात आलेल्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडं दिसणं हे ठणठणीत असल्याचं लक्षण आहे. मांडीचे आणि पाठीचे स्नायू मात्र हाताला भरीव लागले पाहिजेत. हात फिरवून पाहा: फासळ्यांवर पातळसा मांसाचा थर लागला आणि मांडी घट्ट असली तर काळजीचं कारण नाही. मांडी पोकळ लागली, केस रखरखीत झाले, पोट फुगलेलं आणि बाकी अंग सुकलेलं दिसलं, तर जंत किंवा आजार. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण 'याला खायला घालत नाही का?' म्हणेल. म्हणू द्या. त्यासाठी त्याला तूप-भात चारून जाड करू नका. त्या बारीक हाडांच्या पायांवर जास्तीचं वजन चढलं की सांधे धरतात.

खाणं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा-सात महिन्यांपासून दोन वेळा. मोठेपणीही एकदम एकाच वेळी भरपेट देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि ते काही तासांत जीवावर बेततं. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी धावणं नको. पोट ढोलासारखं ताठ, उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, लाळ गळते, बेचैन फिरतंय, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तिथे शस्त्रक्रिया होते का, हे पिल्लू घरी यायच्या आधीच माहीत करून ठेवा.

कांदा, लसूण, मनुका-द्राक्षं, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या, यांतलं काहीही नाही. आपल्याकडे आमटीतला, रश्श्यातला भात सहज पुढे सरकवला जातो आणि त्यात कांदा-लसूण असतोच. पिल्लाचं खाणं वेगळं शिजवा.

आणि पट्टा. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा रुंद असते. साधा गळपट्टा मागे सरकून एका झटक्यात निघतो. ओढल्यावर मर्यादेपर्यंत आवळणारा मार्टिंगेल प्रकारचा रुंद पट्टा घ्या. आवळलेल्या अवस्थेत तो कानांवरून सरकत नसेल तर बरोबर बसलाय. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी मात्र या जातीला नको. उभ्या जागी पूर्ण वेग घेतात आणि दोरी संपते तिथे मानेला भयंकर हिसका बसतो.

आजारपणाबद्दल माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत, त्यांनी लिहावं.

निशिगंध

फार वेळेवर धागा आला. आम्ही धायरीला राहतो, दुसरा मजला, घरात सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. सांगोल्याकडून एक जण कारवानी पिल्लू द्यायला तयार आहे. व्हिडिओ पाठवलाय, पिल्लू गोड आहे. पण वय पस्तीस दिवस, आणि 'आत्ताच घेऊन जा, लहानपणी आणलं की लळा लागतो' असं म्हणतोय. घ्यावं का?

तळजाईकर

निशिगंध, पस्तीस दिवसांचं अजिबात नको. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. हे न शिकलेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातावर शिकेल. त्यांना सांगा, आठ आठवडे आईजवळ ठेवा, आम्ही स्वतः येऊन आई बघून घेऊन जाऊ. तयार झाले नाहीत तर दुसरीकडे बघा. आई बघणं महत्त्वाचं. ती माणसांना पाहून कोपऱ्यात दबत असेल तर पिल्लूही बुजरं निघण्याची शक्यता बरीच.

माणदेशी

चांगलं लिहिलंय. माझं गाव आटपाडीकडं, आता वीस-बावीस वर्षं हडपसरला. आमच्या घरी आजोबांपासून ही कुत्री होती. मेंढरांमागं, शेतावर, आणि रात्री अंगणात माणसांच्या खाटांखाली. साखळी कुणी बघितली नव्हती, हे धागाकर्त्यांचं अगदी खरं.

खाण्याबद्दल माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. आमच्याकडं ज्वारीची नाही तर बाजरीची भाकरी ताकात-दुधात कुस्करून द्यायचे आणि कुत्री दहा-बारा वर्षं जगायची. पुण्यात लोक दुकानातल्या महागड्या पिशव्यांशिवाय कुत्रं जगतच नाही असं समजतात, ते पटत नाही. पण हेही सांगायला पाहिजे की गावाकडचं कुत्रं फक्त भाकरीवर नसायचं. रानात उंदीर, घुशी, व्यालेल्या मेंढीची वार, खाटकाकडची हाडं-आतडी, काय काय खायचं. फ्लॅटमधल्या पिल्लाला नुसती दूध-भाकरी घातली तर वरचं ते सगळं त्याला मिळत नाही. आमच्या शेजारी असं एक पिल्लू होतं, पुढचे पाय बाहेरच्या बाजूला फाकायला लागले होते. अंडं, कोंबडी सुरू केल्यावर सुधारलं.

दुसरं, अंथरूण. यांच्या कोपराला, ढुंगणाच्या हाडाला मांस नसतं. फरशीवर झोपून घट्टे पडतात, कधी पाणी धरतं. जुनी गोधडी दुहेरी करून टाका. थंडीत रात्री अंगावरही घाला, केस इतके आखूड की डिसेंबरात पहाटे थरथरतात. शिवणयंत्र घरात असेल तर जुन्या स्वेटरच्या बाहीचा पिल्लाला छान अंगरखा होतो.

पशुवैद्या

मी पुण्यातच लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करते. माणदेशींच्या शेजारच्या पिल्लापासूनच सुरुवात करते, कारण अशी पिल्लं दर महिन्याला येतात.

नुसती दूध-भाकरी म्हणजे प्रथिनं कमी. त्याच्या उलट टोकाला नुसतं हाडाशिवायचं मटण-चिकन घालणारे असतात. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. शरीर मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढून घेतं, हाडं पातळ होतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे तयार पिल्लांचं खाद्य चालू असताना वर कॅल्शियमचं सिरप. वाढत्या कुत्र्यात जादा कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते. तयार खाद्य देत असाल तर पाकिटावर ते वाढत्या पिल्लांसाठीचं आहे हे पाहा, प्रथिनं २२ टक्क्यांच्या खाली नकोत, आणि वर कॅल्शियम देऊ नका. घरचं देणार असाल तर स्वागत आहे, पण प्रमाण एकदा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. वजन दर आठवड्याला मांडा. आकडा वर जातोय ना, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

आता लसी. दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून दर तीन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. लोक विचारतात, तीच लस परत परत कशाला? आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला काही प्रतिकारशक्ती मिळते. ती शक्ती असेपर्यंत लस दिली तरी ती शक्ती लसीला निष्प्रभ करते. ही आईकडची शक्ती कुठल्या पिल्लात आठव्या आठवड्यात संपते, कुठल्यात चौदाव्यात, हे बाहेरून कळत नाही. म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर पडणं सर्वांत महत्त्वाचं. 'दोन झाल्या, आता पुरे' म्हणून थांबलेली पिल्लंच पार्वोने सापडतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस, आणि दरवर्षी. रेबीजची लस एकही वर्ष चुकवू नका.

पार्वो म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. पिल्लू आदल्या दिवशी सुस्त, खाणं सोडलेलं, मग उलट्या, मग रक्ताचे दुर्गंधी जुलाब. यात औषधापेक्षा शिरेतून सलाईन किती लवकर सुरू होतं यावर जीव अवलंबून असतो. घरी ओआरएस पाजत एक दिवस काढला तर तोच दिवस महागात पडतो. हा विषाणू मातीत आणि फरशीच्या फटींत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलला दाद देत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात फरशी धुऊन दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. ज्या घरात आधी पार्वोने पिल्लू गेलंय तिथे नवीन पिल्लू लसी पूर्ण झाल्यावरच आणावं.

जंतांचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांपर्यंत. मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. आईच्या पोटात असतानाच आणि दुधातून जंत येतात, त्यामुळे 'आमचं पिल्लू बाहेर गेलंच नाही' हे कारण चालत नाही. घरात लहान मूल असेल तर हे अधिकच पाळा, गोल जंत माणसांच्या मुलांनाही होतात.

गोचीड हा पुण्याचा मोठा प्रश्न. पावसाळा उतरला की सप्टेंबरपासून गोचीड तापाची रांग लागते, पण खरं तर वर्षभर असतो. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात राहायला सोकावलेली आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते, चौकटीच्या, पंख्याच्या सांध्यात हजारोंनी अंडी घालते आणि मरते. म्हणून कुत्र्यावरची गोचीड काढली की काम संपत नाही, घरही साफ करावं लागतं. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर पाच जागा बघा: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या मधे, शेपटीखाली. आखूड केसांमुळे कारवानीत हे काम सोपं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका.

ताप येणं, खाणं कमी होणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, लघवी कॉफीसारखी होणं. यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासा. एर्लिकिया या गोचीड तापावरचं औषध साधारण चार आठवडे द्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, मग आजार आत दबून राहतो. बबेशिया हा गोचीडीचाच दुसरा ताप वेगळा, त्याचं औषध वेगळं. दोन्ही एकदम असू शकतात. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका. आणि गुरांच्या अंगावर मारायचं गोचिडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून पिल्लाला चोळू नका. त्याने थरथर, लाळ, झटके येऊन पिल्लं दगावतात.

आता या जातीपुरती खास गोष्ट, जी प्रत्येक पालकाने डॉक्टरांना आपणहून सांगावी. ग्रेहाउंड या शर्यतीच्या विलायती कुत्र्याचं आणि कारवानीसारख्या त्याच्या जवळच्या जातींचं यकृत भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटोनसारखी, हळू निपटतं. शिवाय चरबी कमी, त्यामुळे औषध रक्तात जास्त काळ राहतं आणि कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. आज यासाठी चांगली सुरक्षित औषधं सर्रास मिळतात. नसबंदी किंवा कुठल्याही शस्त्रक्रियेआधी 'हे कारवानी आहे, भूल कुठली देणार, आणि टेबलावर ऊब कशी ठेवणार?' हे दोन प्रश्न विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही फरक असतो. ग्रेहाउंड गटात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडचं टी४ हे संप्रेरक कमी, हे नैसर्गिक आहे. नुसत्या कमी टी४ वर आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करू नयेत, बाकीच्या लक्षणांशी ताडून पाहावं. आणि उलट बाजू: इतर कुत्र्यात ठीक वाटणारा हिमोग्लोबिनचा आकडा कारवानीत गोचीड तापाने उतरलेला असू शकतो. म्हणून ठणठणीत असताना वर्षातून एकदा रक्त तपासून रिपोर्ट फाइलला लावा.

कोथरूडची बीगलवाली

पशुवैद्या, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय.

बीगलबद्दल थोडं लिहिते, कारण 'लहान आहे, फ्लॅटला बरं' म्हणून लोक हाच हाउंड आणतात. हा पोटाने विचार करणारा जीव. ओट्यावरचं, कचऱ्यातलं, शेजारच्या चपलेतलं, काहीही खातो, आणि कितीही घातलं तरी उपाशी असल्यासारखं बघतो. कारवानीच्या बरोबर उलट, इथे वजन वाढू न देणं हीच लढाई. आमच्या घरात खाणं मोजून डब्यात काढलेलं असतं आणि बक्षीस म्हणून द्यायचं तेही त्यातूनच जातं. दुधी, गाजर, काकडीचे तुकडे आनंदाने खातो.

लोंबणारे कान म्हणजे आत हवा नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कान उघडून वास घ्यायचा. आंबट-कुबट वास, काळपट मळ, डोकं झटकणं दिसलं की डॉक्टर. कापसाची काडी आत घालायची नाही.

आणि आवाज! बीगल लांब सूर लावून ओरडतो, ते त्याचं काम होतं, शिकाऱ्याला सांगणं की माग इथे आहे. घरात दिवसभर एकटा राहिला तर पूर्ण इमारत ऐकते. दोघंही नोकरीला जाणार असाल आणि घरात कुणी नसेल तर कृपया नको. त्याला रोज वासाचं काम लागतं. जुन्या टॉवेलमध्ये दाणे गुंडाळून शोधायला दिले की अर्धा तास नाक खाली घालून रमतो आणि मग शांत झोपतो.

इतिहासप्रेमी

थोडं अवांतर. मुधोळ आणि कारवानी वेगळे का, हा प्रश्न नेहमी येतो. मूळ एकच मानलं जातं. व्यापारी काफिल्यांबरोबर मध्य आणि पश्चिम आशियातून आलेली सलुकीसारखी कुत्री दख्खनच्या माळावर स्थिरावली, म्हणून कारवान. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना जोडी भेट दिली आणि तिथून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. आजही एक श्वानसंस्था कारवान म्हणून नोंद करते, दुसरी मुधोळ म्हणून. २००५मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. सैन्याच्या मीरत इथल्या केंद्रातही त्याला प्रशिक्षण दिलं गेलं.

मला अभिमान याचा वाटतो की राजवाड्यापेक्षा धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी ही जात खरी टिकवली. माणदेशींचे आजोबा त्यांतलेच.

सदाशिव

पशुवैद्यांना प्रश्न. एकीकडे म्हणता सोळा आठवड्यांपर्यंत पार्वोचा धोका, दुसरीकडे सगळीकडे वाचतो की पिल्लाला लहानपणीच जग दाखवा नाहीतर बुजरं होतं. मग न्यायचं की नाही?

पशुवैद्या

दोन्ही खरं आहे. तीन ते साधारण चौदा आठवडे या काळात पिल्लू जे बघतं ते त्याला पुढे नेहमीचं वाटतं, आणि कारवानी मुळात लाजाळू, त्यामुळे हा काळ वाया घालवायला नकोच. फक्त पाय जमिनीला लावायचे नाहीत. कडेवर किंवा पिशवीत घेऊन रोज वेगवेगळ्या जागी दहा-पंधरा मिनिटं. सिग्नलला थांबलेल्या बसचा आवाज, भाजीवाल्याची हातगाडी, हेल्मेट घातलेला माणूस, शाळा सुटल्यावरची पोरं, ढोल-ताशाचा सराव लांबून. गाडीत बसवून काच थोडी खाली करून दाखवा. लसी पूर्ण असलेल्या ओळखीच्या शांत कुत्र्याला घरी बोलवा. जिथे भटकी कुत्री बसतात ती बाग, तो पार, तो कचराकुंडीचा कोपरा मात्र सोळा आठवडे वर्ज्य. दवाखान्यातही पिल्लू मांडीवरच ठेवा, फरशीवर सोडू नका.

वेताळटेकडी

सकाळी टेकडीवर फिरणाऱ्यांपैकी एक. कुत्र्यांवर माझं प्रेम आहे, तरी एक कळकळीची विनंती. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत, जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या आहेत. कारवानीला मोकळं सोडलं आणि मोर उठला की तुमची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. काही क्षणांत ते दिसेनासं होतं. मोर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, कुत्र्याने मारला तर प्रश्न तुमच्यावर येतो. आणि कुत्र्यालाही धोका आहे, खाली उतारावर काटेरी तारा आहेत, पलीकडे रस्ता आहे. पावसाळ्यात घोणसही निघते. कृपया टेकडीवर पट्टा काढू नका.

तळजाईकर

वेताळटेकडी यांच्याशी शंभर टक्के सहमत. या कुत्र्यांची कातडी पातळ असते, तारेला नुसती घासली तरी कागदासारखी फाटते. आणि सापाची शंका आली तर जागा कापणं, बांधणं काही करू नका, उचलून थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या.

'मग धावायचं कुठे?' तर बंदिस्त जागा शोधा. आमच्या भागातले चार-पाच जण मिळून सकाळी लवकर क्रिकेटच्या जाळीबंद टर्फचा एक तास भाड्याने घेतो. खेळणाऱ्यांची गर्दी संध्याकाळी असते, सकाळी मालक कमी पैशांत देतो. अट एकच, घाण लगेच उचलायची. कुणाचा कुंपण घातलेला प्लॉट, फार्महाउस असेल तर सोन्याहून पिवळं. दोन-तीन मिनिटं सुसाट धावणं, मग धापा टाकत बसणं, परत एक फेरी, एवढ्यात त्यांचं भागतं.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला मात्र सायकलमागे किंवा जॉगिंगला नेऊ नका. हाडांची टोकं अजून कच्ची असतात, वर्ष-सव्वा वर्षाने भरतात. पिल्लाने स्वतःच्या मनाने मातीवर, गवतावर धावावं आणि दमलं की थांबावं. गुळगुळीत टाइल्सवर बॉल फेकणं तर बंदच ठेवा. मार्च ते जूनमध्ये फिरणं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी उन्हं पूर्ण उतरल्यावर. डांबरावर तळहात सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्यालाही होणार नाही.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. सांगोल्याच्या माणसाशी बोलले. आधी कुरकुर केली, पण आठ आठवडे ठेवायला तयार झाला. आम्ही रविवारी आई बघायला जाणार आहोत. सासूबाईंनी जुनी गोधडी काढून धुऊनही ठेवली. शेवटचा प्रश्न मुलाबद्दल. तो प्रेमळ आहे पण धसमुसळा. काय काळजी घेऊ?

तळजाईकर

आई बघायला जाताय हे उत्तम. तिथून निघताना पिल्लाला आत्तापर्यंत कुठलं जंताचं औषध कधी दिलं ते विचारून कागदावर घ्या. घरी आणल्यावर पालिकेचा श्वान परवानाही काढावा लागतो, त्याला रेबीज लसीची नोंद लागते, म्हणजे लसीचं कार्ड जपून ठेवा.

मुलाबद्दल. या कुत्र्यांमध्ये काहींना गाढ झोपेत कुणी एकदम हात लावला तर दचकून गुरगुरण्याची, क्वचित तोंड मारण्याची सवय असते. त्यात राग नसतो, ते पूर्ण जागंही झालेलं नसतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून एक नियम: गोधडीवर झोपलेल्या पिल्लाला कुणीही हात लावायचा नाही, लांबून नावाने हाक मारायची, डोळे उघडून ते उठून आलं की मग लाड. सासूबाईंनाही हे सांगा. गोधडी जाण्या-येण्याच्या वाटेवर नको, भिंतीच्या कोपऱ्यात टाका.

खाताना ताटलीत हात घालायला मुलाला मनाई, पण रोज त्याच्याच हातून दोन-चार दाणे ताटलीत वरून टाकायला लावा, म्हणजे मूल जवळ आलं की काहीतरी चांगलं मिळतं हे पिल्लाच्या डोक्यात बसतं. अंगावर बसणं, शेपूट ओढणं, मिठी मारून दाबणं नाही. आणि पहिले सहा-आठ महिने दोघांना खोलीत एकटं सोडू नका, पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं असलं तरी दोघांतल्या एकाला बरोबर न्या. पट्टा धरायचं काम मोठ्यांचंच. मुलाला धरावासा वाटला तर दुसरी एक हलकी दोरी त्याच्या हातात द्या.

रविवारी आईचा आणि पिल्लाचा बाजूने काढलेला फोटो इथे टाका. पाय आणि पाठ बघून माणदेशी नक्की काहीतरी सांगतील.

माणदेशी

नक्की. फोटो काढताना कुत्री सपाट जमिनीवर सरळ उभी असू द्या. आणि जमलं तर बापही बघून या, त्याच वस्तीवर असेल.